इतर (नमूद करा)

कवठापुरात पहिल्यांदा उतरले तेव्हा
पिशवीत एकशे वीस फॉर्म होते, प्रत्येकी चौदा पानी,
आणि प्रशिक्षणात बजावलेलं एक वाक्य:
उत्तरदात्यासोबत हसू नये, उत्तर कलतं.

पोट्ट्यांनी दुसऱ्याच दिवशी माझं बारसं केलं.
कालमबाई.
कालमबाई आली, कालमबाई पाणी पेली,
कालमबाईले कुत्रं भुकलं.

प्रश्न बावीस. घरातले निर्णय कोण घेतं?
येणूबाई गावंडे तुरीच्या शेंगा सोलत होत्या.
"निर्णय तं हेच घेतात बाप्पा.
मी फकस्त सांगतो, कोन्ता घ्या लागते ते."
ओसरीवरचे 'हे' खोकले.
सुनेनं पदराचा बोळा तोंडात धरला.
माझ्यापुढे चौकटी तीन: पती, पत्नी, दोघे मिळून.
खोकल्याला चौकट नव्हती.
मी 'पती'वर खूण केली.

प्रश्न एकतीस. गावात भेदभाव होतो का?
पारावर सगळे म्हणाले, नाही.
एका सुरात, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं.

नाल्याच्या पलीकडे, शेवटच्या घरी,
पंचफुलाबाईंनी आधी मलाच विचारलं,
"आमच्या घरचा चहा चालते का तुले?"
चालला. काळा, गुळाचा, स्टीलच्या वाटीत.
मग म्हणाल्या,
"भेदभाव? नाई वं माय.
आमी अथी हसलो
तं आवाज थेट पारावर जाते.
आमीच नाई जात."
आणि अशा हसल्या
की दाराशी बांधलेली शेळी उठून उभी राहिली.
मीही हसले.
उत्तर कललं असणार.

'इतर'च्या रकान्यात लिहिलं: हसल्या.
नागपूरहून सरांचा फोन.
हे काय आहे? कुठल्या कोडात बसवू?
मी गप्प.
नव्व्याण्णव टाकतो, म्हणाले. 'माहिती नाही.'

दोन वर्षांनी अहवाल घेऊन गेले,
शेहेचाळीस पानी, रंगीत, वर्तुळं कापलेली.
दिवाळी नुकतीच सरलेली,
शाळेपुढच्या पटांगणात दंडार उभी होती.
अहवालाचं सकाळी पाहू, म्हणाले सरपंच. बसा.

ढोकांचा पवन आला, तारेचा चष्मा लावून,
खांद्यावर युरियाच्या पोत्याची पिशवी.
घोंगडीखाली दोन पोरं, म्हणजे म्हैस.
"म्हैसबाई, घरातले निर्णय कोण घेतं?"
म्हैस ओरडायला तोंड उघडते,
तोवर पवननं लिहून टाकलं: "पती!"
बायकांची रांग कोसळली.
येणूबाईंनी डोळे पुसले, नवऱ्याला कोपर मारलं.

"म्हैसबाई, गावात भेदभाव होतो का?"
म्हशीनं कान हलवला, एवढंच.
"नाही!" खूण.

पटांगणाच्या मधून एक वाट जाते, बैलगाडीएवढी.
नाल्याकडची माणसं तिच्या त्या बाजूला बसतात.
का, ते कुणी सांगत नाही.
या प्रश्नाला आधी ती बाजू हसली.
ही बाजूही हसली, पण
जरा उशिरा.

एक श्वास घ्यावा, इतकाच उशीर.
माझ्या शेहेचाळीस पानांत तो कुठेच नव्हता.

आणि मी? मी कधी हसले, आठवत नाही.
चष्मा काढून पुसत होते, एवढं खरं.
पवन माझ्यासारखाच पेनाचं टोपण दातात धरत होता,
हे मला ठाऊकच नव्हतं माझ्याबद्दल.

उठले, वाट ओलांडली.
पंचफुलाबाईंनी बारदाना सरकवून जागा केली.
"बस अथी, कालमबाई."
हात सवयीनं पिशवीत गेला.
त्यांनी पाहिलं.
"लिवजो ना. कोन नाई म्हन्ते.
पन आमचं हसून होऊ दे आधी."